मागची खटखट

हल्ली जिना चढू लागलो की माझ्या गुडघ्यातून खट् असा आवाज येतो. घरातली मुलं हसतात. थोरला पुतण्या तर म्हणतो, "काका, तुमचं डिफरन्सल उघडून बघायला हवं." हसू देत बापडी. जन्म सगळा दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकण्यात गेला, आता स्वतःचा ऐकायची पाळी आली. फरक एवढाच, की त्या गाड्यांच्या खाली मी शिरत होतो. माझ्या खाली शिरायला कोणी तयार होत नाही.

नंदुरबारला स्टेशनच्या रस्त्यावर माझं पत्र्याचं शेड आहे. उन्हाळ्यात तिथे पापड वाळतील एवढं तापतं आणि मी त्यात बरीच वर्षं वाळलो. दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "बड्या लोकांच्या गाड्या तुमच्या हाताखालून गेल्या असतील, त्या आठवणी लिहा." गेल्या खऱ्या. पण बड्या लोकांच्या गाड्यांची दुखणी लहान असतात आणि दुखण्यापेक्षा त्यांचे मालकच जास्त वाजतात. म्हणून एकाच गाडीचं सांगतो. घरी मुलांना हे इतक्यांदा सांगून झालंय, की कुठे हसायचं ते त्यांना माझ्याआधी कळतं.

ज्यांना आमच्या धंद्याची माहिती नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. नट पिळणं ही हमाली. खरं काम असतं ते आवाज कुठून येतो हे ठरवण्याचं. आणि आवाज महालबाड. मालक सांगतो, "मिस्तरी, गावापासून नुसती खडखड चाललीय." मी शेजारी बसलो, की शाळा तपासायला साहेब आल्यावर पोरं बसतात तशी गाडी गप्प. मग मालकालाच आवाज काढून दाखवायला सांगावं लागतं. विसरवाडीचा एक लॉरीवाला शेडच्या मधोमध उभा राहून, गाल फुगवून, हात हलवून असा हुबेहूब आवाज काढायचा, की बॉनेट न उघडता बिघाड समजावा. उलट खांडबाऱ्याचे एक लाकडाचे व्यापारी होते. ते दरवेळी एवढंच सांगत, "आवाज जीव खाई ऱ्हायना, मिस्तरी." जीव खाणारा आवाज कुठल्या बोल्टाचा असतो, हे अजून मला सापडलेलं नाही.

तर बापूंची गाडी. बापू म्हणजे तापीकाठच्या एका मोठ्या पाटील घराण्यातला एकुलता एक मुलगा. पुण्याला वकिली शिकायला गेला, ती अर्धी टाकून आला, आणि येताना विलायतेला परत निघालेल्या कुणा साहेबाची मोटार घेऊन आला. शर्यतीच्या जातीची होती ती. हिरवी, ठेंगणी, लांब नाकाची, सायकलसारख्या तारांच्या चाकांची. पुढे दोघंच बसणार. पहिल्यांदा ती बाजारातून गेली, तेव्हा एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं, "मिस्तरी, ही गाडी उभी शे का बठेल?"

मागे एक झाकण होतं. ते उचललं की आतून एक बैठक निघे. तिला डिकी म्हणतात. ऊन, धूळ, पाऊस, सगळं डिकीत बसणाऱ्याच्या वाट्याला. ती जागा झिपरू आबाची होती.

झिपरू आबा त्या घरचा जुना गाडीवान. बापूंच्या वडिलांच्या काळात दमणी हाकायचा. दमणी म्हणजे बसायची हलकी, छपराची बैलगाडी. मोठे पाटील वारले, दमणी गोठ्यामागे पडली, बैल विकले, आणि आबाची पाठही तोवर वाकली. शेतकाम होईना. मग बापूंनी त्याच्याकडे मोटार सोपवली. धुणं, पुसणं, ढकलणं, आणि बापू कंटाळले की थोडं चालवणंही. तो गाडीच्या शेडातच झोपायचा. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. त्या गाडीचा भोंगा म्हणजे बकरीचं करडू. त्यामुळे भोंग्याचं कामही आबाच करी. डिकीत उभा राहून ओरडायचा, "हट रे भो! बापू उना, बापू!" मैलभर आधी गावाला कळायचं.

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, होऊन थोडेच दिवस झाले असतील. बापू भर उन्हात गाडी घेऊन शेडमध्ये आले. त्यांची एक गंमत होती. खूश असले की अहिराणी बोलत आणि रागावले की पुणेरी. त्या दिवशी उतरल्या उतरल्या पुणेरी सुरू झालं.

"मागून खटखट येते. पाय दाबला की खट्, पाय सोडला की खट्."

मग मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे चार पावलांवर. डिकीत बसलेल्या आबाला सगळं ऐकू जात होतं. तो वर पत्र्याकडे बघत होता.

"ही आबाची करामत असणार," बापू म्हणाले. "माझ्या पाठीमागे तो गाडी नदीत नेतो, बांधावर चढवतो, असं लोक सांगतात. तुम्ही मला एवढंच सांगायचं, दोष त्याच्या हातचा आहे की नाही. असेल तर सुरतेचा ड्रायव्हर बघून ठेवलाय. आबा जाईल मळ्यात राखणीला."

मळ्यातली राखण म्हणजे मचाणावर चढून बसणं. आबाला डिकीत चढायलाही माझा खांदा लागायचा. मी मेकॅनिक माणूस. बापू मला पंच करून, गाडी आणि आबा दोघांना शेडमध्ये ठेवून बसने निघून गेले.

ते गेल्यावर मी विचारलं, "आबा, नदीत नेतोस का रे गाडी?"

"नेस ना," तो म्हणाला. "बैलेस्ले धुवाले नही नेवत का? हाई तं लोखंड शे. बैलथीन जास्त तापस."

"किती पाण्यात?"

"आंग बुडाले पायजे का नको?"

मी कपाळाला हात लावला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडाचं एक पोट असतं. इंजिनाकडून आलेली फिरकी त्या पोटातले दाते दोन्ही चाकांना वाटून देतात. तेच डिफरन्सल. त्यात तेल असतं आणि तिथे नदीचं पाणी शिरलं की आतले दाते गंजून खटखटायला लागतात. निकाल लागल्यातच जमा होता. मी दोन्ही मागची चाकं काढून भिंतीला टेकवली, एका चाकावर माझी टोपी अडकवली आणि ते पोट उघडलं.

आतलं तेल मधासारखं स्वच्छ होतं. पाण्याचा थेंब नाही, गंजाचा ठिपका नाही. आनंद झाला, आणि मग राग आला. कारण ते उघडायला जेवढं अवघड, त्याच्या दुप्पट बंद करायला.

मग ठरवलं, गाडी चालू असतानाच ऐकायचं. त्यासाठी कोणीतरी डिकीत बसून, खाली वाकून, कान लावायला हवा. मी वेळूची नळी कानाला लावून डिकीत शिरलो. तेव्हाही माझी अंगकाठी, आमच्या घरच्या भाषेत, 'खात्यापित्या घरची' होती. पोट आत गेलं, पाय आत गेले, पण वाकायला जागा राहिली नाही. वाकलो तेव्हा उठायला राहिली नाही. आबा पुढे बसून हाकत होता. वेग वाढवायचा असला की जिभेने चक् चक् करायचा आणि मग आठवून पाय दाबायचा. थांबायचं असलं की आधी "हो, हो" म्हणायचा.

कोर्टाच्या कोपऱ्यावर कुणीतरी ओरडलं, "आबा, मिस्तरीले कोठे लई चालना?"

"दवाखानाम्हा," आबाने सांगितलं.

आवाज मात्र ऐकला. पाय दाबला, गाडीने ओढ घेतली, की एक खट्. पाय सोडला, ओढ सुटली, की दुसरी खट्. म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे आणि ते पुढे-मागे आपटतं. एवढं कळलं आणि मला डिकीतून ओढून काढावं लागलं. आबाने एका हाताने ओढलं, रस्त्यावरच्या लोकांनी उरलेलं.

पुढचे दिवस मला आठवतात ते फक्त थकव्याने. धक्के झेलणाऱ्या कमानी सोडल्या, त्यांच्या पिना बदलल्या, गाडी बाहेर काढली, खट्. ब्रेकचे ड्रम तपासले, खट्. दर खेपेला चाकं काढायची, डावं डावीकडच्या भिंतीला, उजवं उजवीकडच्या, आणि दर खेपेला नेमकी जिथली तिथे परत घालायची. शिस्तीचा मला अभिमान होता. आबा सावलीत उकिडवा बसून बघत असायचा. जेवायला आमच्याकडेच. संध्याकाळी हात धुताना रोजचा एकच प्रश्न.

"सापडनं का?"

एकदा मी वैतागून म्हटलं, "तुला सापडावंसं वाटतं का रे आबा? सापडलं आणि तुझ्या अंगावर आलं म्हणजे?"

"मन्हा आंगवर कसं ई?" तो म्हणाला. "आखाजीनी सेवा मी जशी करी तशी कोनी नही करी. सापडनं म्हंजे बापूले कयी."

सापडलं की बापूंना आपली सेवा कळेल, अशी त्याची इतकी खात्री होती, की मला भीती वाटू लागली. बिघाड सापडू नये अशी इच्छा धरणारा मेकॅनिक म्हणजे रोगी बरा होऊ नये म्हणणारा वैद्य. पण रात्री अंग टाकलं की मनात तेच यायचं. गाडी तशीच परत द्यावी, खटखटू दे, जगात काय कमी खटखट आहे.

बिघाड मी शोधला नाही. तो आमच्या घरच्या मंडळींनी शोधला, आणि तेही धुण्याच्या दगडावर. माझी टोपी धुवायला घेतली, तिचा वास घेतला आणि बायकोने, शेतकऱ्याचीच लेक ती, अंगणातून हाक मारली.

"अहो, टोपीले गाडानं वंगण कोठून लागनं? मोटारनं दुकान शे का गाडानं?"

मी म्हटलं, "मोटारीचंच ग्रीस आहे ते."

"माले नका शिकाडू. एरंडीनं तेल आन काजळी. मन्हा बाप जलमभर लावत ऱ्हायना."

मी टोपी नाकाशी नेली. खरंच एरंडेल, बैलगाडीचं वंगण. टोपी मी अडकवत होतो ती चाकाच्या मधल्या भोकावर. मी तसाच शेडमध्ये गेलो आणि इतके दिवस ज्या चाकाची खुंटी केली होती, ते पहिल्यांदा नीट पुसलं.

इथे थोडं समजून घ्या. त्या जातीच्या गाडीचं चाक बोल्टांनी बसवत नाहीत. धुऱ्याच्या, म्हणजे चाकाच्या आसाच्या, टोकाला बाहेरून उभे दात असतात, चाकाच्या भोकात आतून तसेच दात. चाक त्यावर सरकवायचं आणि दोन कानांचा मोठा नट हातोडीने ठोकून आवळायचा. गाडी चालते तसे ते दात एकमेकांवर घासत जातात. घासतात तेही ओढीच्याच बाजूने. वर्षानुवर्षं घासून चाकाचे दात आणि धुऱ्याचे दात एकमेकांच्या मापाचे होऊन बसतात. वंगणाचा काळा थर पुसला तेव्हा दिसलं, की चाकाचे दात झिजले होते एका गालाला आणि धुऱ्याचे त्याच्याशी जुळत नव्हते. दुसऱ्या बाजूला तेच. डावं चाक उजवीकडे होतं, उजवं डावीकडे.

"आबा," मी विचारलं, "ही चाकं कोणी काढली होती?"

"मी," आबा खुशीत म्हणाला. "आखाजीले. काढी, पुसी, वंगण घाली, हळद-कुंकू वाही, आन फिराई दिन्ही. डावं तिकडे, जेवनं इकडे. गाडानी दरसाल फिराडतस ना? बापूले सांगाना पडत नही, मी मन्हा मीच करी टाकस."

जेवनं म्हणजे उजवं. बरोबरच होतं त्याचं. बैलगाडीचं एक चाक चाकोरीत जास्त झिजतं, म्हणून आमच्याकडे आखाजीला चाकं अदलाबदल करतात. गाडी दोन्हीकडे सारखी झिजते, बैलांना त्रास होत नाही. नट तेवढे आबाला फिरवता आले नव्हते, कारण डावीकडचा नट उजवीकडे चढतच नाही. करणाऱ्याने नटाला तेवढी अक्कल दिली होती, चाकाला द्यायची राहिली.

आता हे त्याला कसं सांगावं? मी म्हटलं, "आबा, गाड्याचं चाक नुसतं फिरतं. ओढतो बैल. मोटारीत बैल नाही, तिथे चाकच ओढतं. एका बाजूने ओढायची त्याला सवय झालेली असते."

तो चाकाकडे बघत राहिला. दातांवरून अंगठा फिरवला, या गालावरून, मग त्या गालावरून. 

"म्हंजे," तो म्हणाला, "जेवना बैल मी डावीकडे जुपी दिन्हा."

गाडीवानाच्या तोंडून याहून वाईट कबुली नाही. ज्या बैलाला उजवीकडे चालायची सवय, त्याला डावीकडे जुंपणारा माणूस आमच्या भागात अडाणीसुद्धा मानत नाहीत, आंधळा मानतात.

मी चाकं ज्याची त्या बाजूला घातली. एरंडेल धुऊन मोटारीचं ग्रीस लावलं. गाडी बाहेर काढली. खट् नाही. दात मुळात झिजलेले, तेव्हा कधीतरी बदलावे लागणार होतेच, पण आवाज गेला. आबा डिकीत बसला होता. वाटेत कोणी आडवं आलं तरी तो ओरडला नाही.

परत आल्यावर मी म्हटलं, "बापूंना सांगतो कमानीची पिन गेली होती. पिना बदलल्या आहेतच मी. खोटं ठरणार नाही."

"नको," तो म्हणाला. "जुपनाराले समजाले पायजे, तसं धन्याले बी समजाले पायजे. मी सांगस."

बापू दुसऱ्या दिवशी आले. स्वतः गाडी हाकून पाहिली, दोनदा पाय दाबला, दोनदा सोडला आणि उतरून मला विचारलं, "काय होतं?"

मी आबाकडे पाहिलं. आबा डिकीला हात टेकून उभा होता. त्याने सगळं सांगितलं, आखाजी, वंगण, हळद-कुंकू, फिरवलेली चाकं, काहीएक न वगळता. नदीचंही सांगून टाकलं. ते सांगायची काही गरज नव्हती.

"चाकं फिरवायची, हे तुला कोणी शिकवलं?" बापूंनी विचारलं. अजून पुणेरी.

"तुन्हा बापनी," आबा म्हणाला. "दमणीनी चाकं मी फिराडे तवय त्या सोता कंदील धरीसन उभा ऱ्हायेत."

बापूंनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "पण आवाज यायला लागल्यावर तरी मला सांगायचं, की मी चाकं काढली होती."

"तू माले इचारं का?" आबा म्हणाला. "तू तं मिस्तरीले इचारं."

 मी उगाच एक पाना पुसत राहिलो. पंच केलेल्या माणसाला निकालाच्या वेळी कोणी विचारत नाही, हे बरं असतं. बापू गाडीत जाऊन बसले. इंजिन चालू केलं. आबा तिथेच उभा. मला वाटलं, गेलं सगळं.

बापूंनी मान न वळवता सांगितलं, "आबा, बस मांगे. ऊन व्हई ऱ्हायनं."

अहिराणी ऐकली आणि मी पाना खाली ठेवला. आबाला खांदा दिला. जाताना मी त्याला ग्रीसचा एक डबा दिला आणि म्हटलं, "पुढच्या आखाजीला हेच लाव. आणि चाकं काढलीस तर जिथली तिथेच." त्याने डबा मांडीवर घेतला. सुरतेच्या ड्रायव्हरचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

पुढे दुसरी मोठी लढाई आली. पेट्रोल मिळेना. बापूंनी गाडी शेडात विटांवर चढवून ठेवली. माझ्याकडेही लाकडाच्या कोळशावर चालणाऱ्या लॉऱ्या यायला लागल्या. त्यांचे आवाज आणि धूर यांनी माझ्या अंगातलं उरलंसुरलं पेट्रोल संपवलं. बापूंचं काही वर्षं दर्शनच नाही. लढाई संपल्यावर त्यांचा निरोप आला. गाडी चालू करायची आहे, या.

गेलो. आबा त्याआधीच्या पावसाळ्यात वारला होता. त्याची खाट शेडात तशीच होती, आणि ग्रीसचा डबा खाटेखाली, तळ घासून पुसून घेतलेला.

इतकी वर्षं उभी असलेली गाडी. चाकं गंजून धुऱ्याला चिकटलेली असणार, या तयारीने मी मोठा हातोडा नेला होता. एका टोल्यात नट सुटला. चाक हाताने सरकलं. आत स्वच्छ ग्रीस. आणि डाव्या चाकावर आणि डाव्या धुऱ्यावर गेरूचा एकेक ठिपका, उजवीकडे दोन दोन. बैलांच्या शिंगांना लावतात तोच गेरू. एका ठिपक्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असा दरवर्षीचा थर बसून तो बोटाला जाड लागत होता. जी गाडी कुठेच जात नव्हती, तिची चाकं आबा दर आखाजीला काढत होता आणि जिथली तिथे घालत होता.

दुपारपर्यंत इंजिन सुरू झालं. बापू हाकायला बसले, मी शेजारी. गावातून निघालो. वेशीजवळ एक म्हैस रस्त्याच्या मधोमध उभी होती. बापूंनी भोंगा वाजवला. तो करडाचा आवाज म्हशीने ऐकला की नाही कुणास ठाऊक. बापूंनी मान वळवून मागे पाहिलं. डिकीचं झाकण बंद होतं.

"मिस्तरी," ते म्हणाले, "मांगथीन काही आवाज येस का?"

मी कान देऊन ऐकलं. सवयच ती.

"नाही बापू. काही नाही."

त्यांनी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून बसून राहिले. म्हैस तिच्या वेळेने बाजूला झाली, मग आम्ही निघालो.